कारण: घरगुती अडचण

"टोपी उतार. बेल्ट उतार."

टोपी काढली. पट्टा काढला. दोन्ही बाहेरच्या बाकावर ठेवले. साहेबापुढं पेशी असली की जवानाला असंच उभं करतात, बोडकं आणि कमरेला मोकळं. चिडलेला जवान पट्टा काढून साहेबाच्या अंगावर धावेल अशी म्हणे भीती असते. मला धावायचं नव्हतं. माझी पँट कमरेला सैल होती आणि ती सगळ्यांसमोर खाली घसरते की काय, एवढीच धास्ती होती. लढाईत मी वाळलो होतो.

दोन जवानांच्या मधून मला आत चालवत नेलं. नगरच्या छावणीतली कचेरी. बहात्तरचा उन्हाळा. लढाई संपून चार-पाच महिने झाले होते. टेबलामागं मेजरसाहेब, बाजूला सुभेदारसाहेब, कोपऱ्यात टाइपरायटरवर क्लार्क. टेबलावर एक फोडलेलं पाकीट. वरचं अक्षर माझं.

मेजरसाहेबांना मराठी येत नव्हतं. ते सुभेदारांना म्हणाले, "पढो."

सुभेदार साताऱ्याकडचे. त्यांनी चष्मा लावला आणि माझं पत्र वाचायला घेतलं. एक ओळ मराठीत वाचायची, मग तिचं हिंदी करायचं. जे मी एका माणसाला लिहिलं होतं ते चार माणसांत, दोन भाषांत, दोनदा ऐकलं. "तू गेल्यापासून माझ्या उजव्या अंगाची जागा मोकळी आहे. मी त्या कुशीवर वळत नाही." इथं सुभेदार अडले. कूस म्हणजे हिंदीत काय, ते त्यांना सुचेना. क्लार्क म्हणाला, "करवट, साब." आणि फिसकन हसला.

"तूने लिखा है?"

"हां साब."

"किसको?"

नाव पाकिटावर होतं. तरी माझ्या तोंडून हवं होतं.

"गनर रंगनाथ को, साब."

"बीवी है वो तेरी?"

क्लार्क पुन्हा हसला. मी समोरच्या भिंतीकडं बघत उभा राहिलो. उभं राहायला फौजेनं चांगलं शिकवलं होतं. कान तापले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि हे मी आज लपवत नाही. त्या खोलीत मला माझीच किळस आली. त्यांची यायला हवी होती.

रंगनाथ कोण ते सांगतो. मी रणगाड्याचा ड्रायव्हर, तो तोफ चालवणारा गनर. मी सोनईजवळचा, तो बेलापूरकडचा. एका जिल्ह्याचे, म्हणून पहिल्या दिवसापासून एकमेकांना "गड्या" म्हणायला लागलो. रणगाड्यात चार माणसं असतात. त्या चौघांचा स्टोव्ह एक, चहाची किटली एक, आणि मैदानात उतरल्यावर झोपायला तिरपाल एक. रणगाड्याच्या कडेला तिरपाल बांधायची आणि खाली चौघांनी ओळीनं आडवं व्हायचं. ही सरकारी पद्धत आहे, आम्ही काढलेली नाही. माझ्या उजव्या अंगाला रंगनाथ असायचा. थंडीत चौघं एकमेकांना चिकटून झोपायचे आणि त्याला सगळे साहेब लोक कौतुकानं भाईचारा म्हणायचे.

आमच्यात काय होतं ते मी उलगडून सांगणार नाही. होतं. दोघांच्या मर्जीनं होतं. त्याला आमच्याकडं नाव नव्हतं, नुसत्या शिव्या होत्या, म्हणून आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो.

आता त्या पत्राचं. मी अकरावी झालेलो. आमच्या तुकडीत लिहिता येणारे मोजके, त्यात माझं अक्षर वळणदार. त्यामुळं अर्ध्या जवानांची घरची पत्रं मीच लिहून द्यायचो. कुणी येऊन बसायचा आणि सांगायचा, लिव, समदं बरं हाय, बैलाला पेंड घाल, पोराला ताप आसंल तर तालुक्याच्या डाक्टरला दाव. झालं. पुढं काय लिहू म्हटलं की लाजायचा. "तूच घाल काय तरी चार शब्द." मग मी घालायचो. कोण म्हणायचं, तुझ्या पत्रानं माझी बायको लई खूश झाली गड्या, तुला काय कळतं रे बायकांतलं? आणि सगळे हसायचे. मीही हसायचो.

रंगनाथची पत्रंही मीच लिहायचो. त्याच्या बायकोला, इंदूबाईला. ती चौथी शिकलेली, वाचता येणारी. त्या पत्रांत चार शब्द घालायला मला कधी विचार करावा लागला नाही. तो समोर बसलेला असायचा आणि मी लिहायचो. कुणासाठी लिहितोय हे माझ्या हाताला ठाऊक होतं. डोक्यानं तिकडं बघितलं नाही.

लढाईआधी काही महिने मी त्याला अक्षरं शिकवली. रणगाड्याच्या पत्र्यावर खडूनं लिहायचो, त्यानं गिरवायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. अंगठा सोडून सही करायला लागला. जोडाक्षरावर अडायचा, पण वाचायचा. म्हणून लढाईनंतर तो दोन महिन्यांच्या रजेवर गेल्यावर मी त्याच्याच नावानं, त्यालाच पत्र लिहिलं. पहिल्यांदा. वाटलं, आता तो स्वतः वाचेल.

गाढवपणा केला. खेड्यातलं घर काय असतं हे मला माहीत नव्हतं का? माझाही जन्म खेड्यातला. ज्या घरात जो वाचणारा, घरातलं प्रत्येक पत्र त्याच्या हातात. पाकिटावर नाव कुणाचंही असो. पोस्टमन पहिल्यापासून त्या घरातली पत्रं इंदूबाईच्या हातात देत होता, हेही पत्र त्यानं तिलाच दिलं. रंगनाथ बाजाराला गेलेला. इंदूबाईचा भाऊ पाव्हणा म्हणून आलेला. तिनं सवयीप्रमाणं पाकीट फोडलं आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचायला लागली.

ते पत्र भावानं नगरला आणून दिलं.

कचेरीत सुभेदारांनी त्याच्यामागून दुसरा कागद काढला. रंगनाथला रजेवरून बोलावून घेतला होता आणि त्याची जबानी आधीच झाली होती. "ड्रायव्हरने माझ्यावर जबरदस्ती केली. मी भीतीने बोललो नाही." खाली सही. र-चा पाय थोडा लांब ओढलेला. मीच तसा शिकवला होता.

त्या सहीकडं बघून मला रडू आलं. खाली मान घालून उभा राहिलो तर क्लार्कला वाटलं, पोरगा वरमला.

मेजरसाहेब वाईट माणूस नव्हते. आरडाओरडा नाही, हात उचलणं नाही. ते म्हणाले, लढाईत तू चांगलं काम केलंस म्हणून तुला एक संधी देतो. अर्ज लिही. घरगुती अडचण आहे, आई आजारी आहे, नाव कमी करावं. तुझ्या नोकरीच्या पुस्तकात चांगला शेरा देऊ. बाहेर ड्रायव्हरची नोकरी कुठंही मिळेल. नाही लिहिलास तर आम्हाला काढावं लागेल, आणि मग तुझ्या पुस्तकाला कुणी हात लावणार नाही. "तीन दिन सोच ले."

त्याच दुपारी हवालदारानं माझी खाट बराकीतून उचलून व्हरांड्यात टाकली. ताट आणि चहाचा मग वेगळे काढले. मगाला तारेचा तुकडा गुंडाळला, ओळखू यावा म्हणून. चहा वाटणारा जवान किटली हातभर वर धरून ओतायचा. काल ह्याच मगातून त्यानं माझा उष्टा चहा प्यायला होता.

इथं एक सांगायचं आहे आणि ते सांगताना मला लाज वाटते. आमची चौदा एकर जमीन. आमच्या वळचणीला एक कान तुटलेली कपबशी खोचलेली असायची. सखाराम म्हणून आमच्याकडं मळ्यावर राबणारा माणूस होता, त्याची ती. माझी आई त्याला असाच वरून चहा ओतायची. मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून ते बघत होतो आणि मला एकदाही त्यात काही दिसलं नाही. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तार गुंडाळलेला मग हातात आल्यावर दिसलं. बरोबरी करत नाही मी. माझे पंधरा-वीस दिवस होते, त्याचा जन्म होता. पण डोळे उघडायला मला माझ्यावर यावं लागलं, ही माझी लायकी.

संध्याकाळी सुभेदार व्हरांड्यात आले. आजूबाजूला कुणी नाही बघून खाटेच्या काठावर टेकले.

"आरं, हे काय आजचं हाय व्हय? पलटनीत आसतंय. हुतंय आन जातंय. कोन बोलत न्हाई, कोन बघत न्हाई. तू लिवलंस. तिथं चुकलास. लिवल्याव सरकारला दिसतं."

"म्हंजी केलेलं चालतं, साहेब?"

"मी तसं म्हनलो न्हाई."

"मग काय म्हनलात?"

ते उठले. जाताना म्हणाले, "आर्ज लिव आन सूट. तुज्या बापाला तार केलीया."

आबा दुसऱ्या दिवशी एस.टी.नं आले. धोतर, पांढरी टोपी, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. भेटायला येणाऱ्यांसाठी फाटकापाशी कडुनिंबाखाली दोन बाकडी होती, तिथं बसलो. सुभेदारांनी त्यांना सांगितलं होतं सगळं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या लष्करी गाड्यांकडं बघत बोलले.

"सही कर."

"आबा, खोटं हाय ते."

"खोटं तर खोटं. तुजी आई आजारी हाय आसं लिवायचं ना? घरी जाऊन निजवतो तिला चार दिस. मग तर खरं हुईल?"

मला त्याही वेळेला हसू आलं. आबांना आलं नाही.

"नेवाशाच्या लोकांना शबुद दिलाय. सुपारी फुटली. पोरगी सातवी शिकलीया, रंगानं उजळ हाय. बाई घरात आली की समदं सरळ हुतं. तुजं हे काय, लढाईचं भूत हाय. उतरंल."

"आन न्हाई उतरलं तर?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तर मग तसंच झाकून ऱ्हा की. कोन उघडून बघतंय? मानसं काय काय झाकून जगत्यात. मला तुजं नाव गावात काळं करायचं न्हाई, एवढंच कळतं मला. सही कर, माज्या लेकरा."

लहानपणीही त्यांनी मला कधी लेकरू म्हटलं नव्हतं. मी मोडलो. म्हटलं, करतो. त्यांनी भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि दुपारच्या गाडीनं गेले. मी खाटेवर बसून भाकरी खाल्ली आणि अर्ज लिहिला. वळणदार अक्षरात. घरगुती अडचणीमुळे. सही तेवढी उद्या साहेबांसमोर करायची होती. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. जे पाप म्हणत होते त्याला कागदावर नाव नको होतं आणि मलाही नको होतं. दोघांचं जमलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरून निरोप आला. कुणी बाई भेटायला आलीय.

इंदूबाई होती. भाऊ तिला घेऊन आला होता, तो लांब चहाच्या टपरीवर बसलेला. मी तिला एकदाच भेटलो होतो, रंगनाथबरोबर त्याच्या घरी गेलो तेव्हा. पुरणपोळी वाढली होती तिनं, "आजून एक घ्या भाऊजी," असं म्हणत चार वाढल्या होत्या. आता ती बाकड्याच्या टोकाला बसली, मी दुसऱ्या. मांडीवर कापडी पिशवी.

मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होतो.

"भाऊजी, भांडायला न्हाई आले. एक इचारायचं हाय. लढाईतनं पत्रं यायची, आन त्याच्या आदीची. ती कोन सांगायचं?"

"रंगनाथ."

"खरं सांगा."

"पिकाचं, जनावराचं, पोराच्या तापाचं तो सांगायचा, वहिनी."

"आन बाकीचं?"

तिनं पिशवीतून एक पत्र काढलं. घड्यांवर विरलेलं. एका ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढं धरलं. रात्री कूस बदलली की तुझी जागा मोकळी लागते. मला आठवण नव्हती की तिलाही मी हेच लिहिलं होतं.

"हे कुनाचं?"

"माझं."

"माझ्यासाठी लिवलं व्हतं?"

"न्हाई."

तिनं पत्र होत्या त्याच घड्यांवर मिटलं आणि पिशवीत ठेवलं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मानूस घरी आला की तोंड उघडत न्हाई, आन कागदावर एवढं कसं बोलतो? म्हनलं, लाजत आसंल. गडीमानूस. समोर बोलवत नसंल. दीड वरीस मी त्या कागदांवर काढलं, भाऊजी. सासू बोलली तरी सोसलं. म्हनलं, मला लिवनारा हाय."

माझ्यावर अन्याय झाला, माझ्यावर अन्याय झाला, हेच मी तीन दिवस घोकत होतो. ह्या बाईवर कुणी केला? मी केला. मी आणि रंगनाथनं मिळून केला.

"त्यांनी तुमच्या इरुद्द सही दिलीया, ती खोटी हाय," ती म्हणाली. "मला कुनी सांगायला नको. जबरदस्ती झालेला मानूस रोज दुपारी पोस्टमनची वाट बघत दारात बसत न्हाई. ते बसायचे. मी इचारलं, कुनाचं पत्र यायचंय? तर म्हनले, सरकारी कागद यायचाय."

हे ऐकून मला जे सुख झालं त्याची मला त्याच क्षणी शरम वाटली. तिच्या तोंडावर मला सुख होत होतं.

ती उठली. पिशवी बाकड्यावरच ठेवली. "ही तुमची. माझी न्हाईत." मग चार पावलं गेली आणि थांबली.

"तुमचं लगीन ठरलंय म्हनं नेवाशाला. हे म्हनत व्हते."

"व्हय."

"तिला कोन लिवनार पत्रं?"

उत्तराला थांबली नाही. टपरीकडं निघून गेली. भावानं उठून मला लांबूनच एक शिवी दिली. ती मला लागली नाही. लागायची ती लागून गेली होती.

दुपारी पेशी. टोपी उतार, बेल्ट उतार. या वेळेला पँट घसरायची भीती वाटली नाही.

"सोचा?" मेजरसाहेबांनी विचारलं. माझा अर्ज त्यांच्या पुढ्यात होता. सुभेदारांनी पेन पुढं केलं. मी अर्ज उचलला आणि फाडला. दोन तुकडे केले, टेबलावर नीट एकावर एक ठेवले.

"घर में कोई अडचण नहीं साब. मेरी मां ठीक है. जो कारण है वही लिखिए."

क्लार्क हसला नाही. साहेबांनी खुर्ची मागं सरकवली.

"मतलब तू मानता है, जबरदस्ती की?"

"जबरदस्ती मैंने नहीं की."

"मतलब वो भी राजी था?"

इथं मला समजलं की ते मला कुठं नेताहेत. हो म्हटलं तर रंगनाथही बाहेर. त्याची नोकरी गेली तर ती भूक इंदूबाईच्या चुलीपर्यंत जाणार. त्यानं माझ्याविरुद्ध सही केली होती. एक शब्द बोललो असतो तर फिटंफाट झाली असती. नाही बोललो. मोठेपणा म्हणून नाही. त्याचं त्यानं बोलावं, दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा धंदा मी पुष्कळ केला होता.

"मैं अपनी बात बोलूंगा साब. उसकी उससे पूछिए."

मेजरसाहेब उठले. टेबलाला वळसा घालून माझ्यासमोर उभे राहिले. हळू आवाजात, समजावल्यासारखं बोलले. त्यांचं म्हणणं असं: एका रणगाड्यात चार माणसं. चौघांचा एकमेकांवर विश्वास, तर रणगाडा चालतो. असल्या गोष्टीनं तो विश्वास तुटतो. ह्यात तुझ्याशी वैर नाही, ही फौज आहे, इथं शिस्त पहिली.

मी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडं बघितलं. म्हणालो, साहेब, लढाईत सुरुंगानं आमच्या रणगाड्याच्या चाकांवरचा पट्टा तुटला, तेव्हा तोफांचे गोळे पडत होते. रणगाड्याखाली कोण घुसलं होतं? पट्ट्याची पिन ठोकायला मी होतो, आणि पहार धरायला रंगनाथ. पाऊण तास. आमच्या रणगाड्यामागं अजून दोन अडकले होते, तेही आमच्यामुळं निघाले. तुम्हीच आमची पाठ थोपटली. "उस दिन भी मैं ऐसा ही था साब. तब भरोसा नहीं टूटा."

"वो लडाई थी," ते म्हणाले.

"तो लडाई में चलता है?"

सुभेदार खिडकीबाहेर बघत होते. साहेब परत खुर्चीवर जाऊन बसले आणि एकदम कंटाळल्यासारखे म्हणाले, "ऐसी बात फौज के कागज पर नहीं लिखी जाती. ले जाओ इसको."

वरून कागद यायला पंधरा दिवस लागले. तोवर व्हरांड्यातच होतो. एकदा रंगनाथ समोरून आला. हातात बादली. थांबला. ओठ हलले, पण मागून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. त्याचा मला आजही राग आहे. आणि राग आहे म्हणून जीव नाही असं काही नाही.

माझ्या पुस्तकात लिहिलं होतं, सेवेची आता आवश्यकता नाही. कारणाच्या रकान्यात तेवढंच. मी क्लार्कला म्हटलं, कारण कुठंय? तो म्हणाला, "यही कारण है." सहा वर्षांची नोकरी, एक लढाई, आणि मला काढायचं कारण लिहायची ह्यांची छाती नाही. ज्या गोष्टीसाठी मला वाळीत टाकलं ती गोष्ट त्यांच्या लेखी घडलीच नव्हती. मला राग आला तो तेव्हा. आधी नुसतं दुःख होतं.

पेटी घेतली आणि नेवाशाची एस.टी. धरली.

पोरीच्या वडिलांनी ओट्यावर घोंगडी टाकली. जावई आला म्हणून आत लगबग. पाणी आलं, चहा आला. पाऊस कधी पडणार, विहिरी तळाला गेल्या, असं बोलणं सुरू झालं. मी चहा संपवला आणि म्हणालो, "मला फौजेतनं काढलं."

"का हो?"

"माझा एका जवानावर जीव व्हता. आजून हाय. तुमच्या मुलीशी लगीन केलं तर तिला फसवल्यावानी हुईल. म्हनून मी मोडायला आलोय."

पोरीचे वडील आधी समजलेच नाहीत. मग समजले. चेहरा पांढरा पडला. "हळू बोला," ते म्हणाले, "पोरगी आत हाय."

"तिच्यासाठीच बोलतोय."

दाराआड बांगड्या वाजल्या. तिचा चेहरा मी कधी बघितला नाही. तिनं माझ्या नावानं बोटं मोडली असतील. मोडली असली तर बरंच झालं. दीड वर्ष कागदाला कवटाळून बसण्यापेक्षा बरं. तिच्या चुलत्यानं माझी पेटी रस्त्यावर फेकली. कपडे विखुरले, ते मी गोळा केले. आळीतली पोरं जमली. कपडे गोळा करताना मी घाई केली नाही.

सोनईची गाडी लागलेली होती. बसलो नाही. आबांना कळायचं ते माझ्या आधी पोचणार होतं. मी कोपरगावची गाडी धरली. तिकडं साखर कारखान्यांवर ट्रॅक्टर, ट्रक चालवायला माणसं घेतात. पहिल्या ठिकाणी टेबलावरच्या माणसानं माझं पुस्तक चाळलं. म्हणाला, "सहा वर्षं रणगाडा चालवलात, मग नोकरी का गेली? घरगुती अडचण वगैरे?" चांगला माणूस होता बिचारा. उत्तर तोच हातात देत होता.

"न्हाई," मी म्हणालो. "एका पुरुषावर जीव जडला म्हनून काढलं. गाडी मला चांगली चालवता येते."

त्यानं पुस्तक मिटलं. "पुढं बघा."

पुढं बघितलं. तिथंही हेच सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी घेतलं, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही घेतलं. ज्यांनी विचारलं त्यांना सांगत गेलो, आणि ज्यांनी विचारलं नाही, त्यांना आपणहून सांगितलं. हे सोपं नाही. शूरपणाही नाही. झाकून जगण्याची किंमत कोण चुकती करतं ते मी फाटकापाशी, बाकड्यावर बसून बघितलं आहे.

फौजेनं जे लिहिलं नाही ते मी लिहितो. मी ड्रायव्हर होतो. चांगला होतो. एका गनरवर माझा जीव होता. मला काढलं ते ह्याच कारणानं. दुसरं कुठलंही कारण नव्हतं, आणि माझ्या घरी कसलीही अडचण नव्हती. हे ज्याला खोडायचं असेल त्यानं माझ्यासमोर येऊन खोडावं. मी टोपी काढणार नाही.